विश्लेषण : पोटावर झोपून ताशी १२० किमी! हायस्पीड झिपलाइनवर नेमके काय घडते?

सुट्टीच्या सहलीत धबधबा, किल्ला आणि रिसॉर्टच्या जोडीला आता झिपलाइनही आली आहे. सह्याद्रीतल्या कृषी पर्यटन केंद्रापासून मनालीपर्यंत आणि दुबईच्या टूर पॅकेजमध्येही ती दिसते. रीलमध्ये पाहताना हा ३० सेकंदांचा खेळ वाटतो. पण एप्रिल २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यात झिपलाइनची तयारी सुरू असतानाच एका तरुणीचा उंचावरून पडून मृत्यू झाला. त्यानंतर जून २०२५ मध्ये मनालीत नागपूरच्या एका कुटुंबातील मुलगी झिपलाइनवरून कोसळून गंभीर जखमी झाली. तारेवर वेग कसा तयार होतो, शरीराला काय जाणवते, थांबणे कशावर अवलंबून असते आणि पट्टा बांधून घेण्यापूर्वी काय पाहावे, याचा हा आढावा.

साधी झिपलाइन आणि हायस्पीड झिपलाइन यांत फरक काय?

तत्त्व एकच. उंच ठिकाणाहून सखल ठिकाणी पोलादी वायररोप ताणलेला असतो, त्यावर पुली असलेली ट्रॉली धावते आणि ट्रॉलीला हार्नेसने माणूस लटकलेला असतो. इंजिन किंवा मोटार नसते. जी काही ऊर्जा असते ती उंचीची.

आपल्याकडच्या बहुतेक रिसॉर्टमधल्या तारा शंभर ते चारशे मीटरच्या असतात. त्यावर माणूस झोपाळ्यात बसल्यासारखा बसून जातो. गिर्यारोहण संस्था लोणावळ्याच्या ड्यूक्स नोजसारख्या ठिकाणी जे व्हॅली क्रॉसिंग घेतात, ते दोरावरचे आणि संथ प्रकरण आहे. हायस्पीड झिपलाइनमध्ये मात्र तार किलोमीटरच्या हिशेबात मोजतात आणि माणूस बहुतेक वेळा पोटावर, डोके पुढे करून जातो.

याची दोन ठळक उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये उत्तर वेल्समधील पेनरिन या स्लेट दगडाच्या खाणीवर २०१३ मध्ये ‘व्हेलॉसिटी’ ही सुमारे दीड किलोमीटरची झिपलाइन सुरू झाली. तिथे वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत जातो. दुसरी संयुक्त अरब अमिरातीतील रास अल खैमा येथील ‘जेबेल जैस फ्लाइट’. ती २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा २.८३ किलोमीटर लांबीमुळे जगातील सर्वांत लांब झिपलाइन म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. ही लांबी म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या निम्मी, तीही मध्ये एकही खांब नसलेली. सुरुवात समुद्रसपाटीपासून सुमारे १,६८० मीटर उंचीवर होते आणि वेग ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जातो. दुबई-शारजात राहणारी अनेक मराठी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी गाडीने या डोंगरावर जातात.

इतका वेग येतो कुठून?

शाळेतले गणित इथे कामाला येते. शंभर मीटर खाली उतरताना उंचीची सगळी ऊर्जा वेगात बदलली, तर वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होईल. प्रत्यक्षात तेवढा होत नाही, कारण पुलीतील घर्षण आणि त्याहून कितीतरी अधिक हवेचा रोध वाटेत वेग खातो.

हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ६० वरून १२० झाला की हवा दुप्पट नव्हे, चौपट जोराने मागे ढकलते. म्हणूनच शरीराची स्थिती महत्त्वाची ठरते. बसलेला माणूस वाऱ्यासमोर छाती, पोट आणि पाय उघडे टाकतो. पोटावर झोपलेला माणूस फक्त डोके आणि खांदे. दर दहा मीटरला एक मीटर उतार आणि ८० किलो वजन धरून ढोबळ हिशेब केला, तर बसलेल्या माणसाचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. तोच माणूस झोपून गेला, तर ९५ च्या पुढे जातो. तार तीच, उतार तोच.

वजन जास्त असेल तर वेग वाढतो का?

हो. निर्वात पोकळीत दगड आणि पीस एकाच वेळी खाली पडतात, हे खरे. पण तारेवर हवा आहे. वजनदार माणसाला खाली ओढणारे बल जास्त असते, पण त्याचा आकार त्या प्रमाणात वाढलेला नसतो. त्यामुळे तो हवेला अधिक जोराने कापतो.

म्हणून हायस्पीड झिपलाइनवर तिकिटाआधी वजनकाटा येतो. तो कोणाला लाजवण्यासाठी नसतो. फार हलका माणूस समोरून वारा आला तर शेवटच्या टप्प्यापूर्वीच थांबू शकतो आणि फार वजनदार माणूस ब्रेकच्या क्षमतेपेक्षा जास्त वेगाने पोहोचू शकतो. दोन्ही टोकांना मर्यादा असते. काही ठिकाणी वजन आणि वारा पाहून पाठीला लहानसे पॅराशूट लावतात किंवा हार्नेसमध्ये जादा वजन ठेवतात. वजन विचारताना दोन-चार किलो कमी सांगण्याची सवय इथे महागात पडू शकते. काटा नसेल आणि ‘चालतंय, बसा’ असे उत्तर मिळाले, तर तो पहिला धोक्याचा इशारा समजावा.

सुटल्यावर शरीराला काय जाणवते?

सर्वांत जास्त भीती सुटण्यापूर्वीच्या मिनिटात वाटते. पोटावर झोपवून पट्टे आवळले जातात, पाय मागे अडकवले जातात आणि नजर थेट दरीत जाते. हृदयाचे ठोके वाढतात, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडे पडते. हा अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम असतो.

सुटल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते, कारण जायंट व्हीलसारखा पोटात खड्डा पडत नाही. तार उताराची असते, उभी नसते. शरीर मोकळे खाली पडत नाही, घसरते. वेग काही सेकंदांत चढत जातो.

मग वारा सुरू होतो. ताशी १२० च्या वेगाने वारा चेहऱ्यावर आदळतो तेव्हा गाल थरथरतात, डोळ्यांतून पाणी येते आणि तोंड उघडले तर श्वास अडखळल्यासारखा होतो. त्यासाठी गॉगल दिला जातो. कानात पुलीची शिट्टीसारखी घरघर आणि वाऱ्याचा आवाज इतका असतो की स्वतःची किंकाळीही नीट ऐकू येत नाही. उंचावर सुरुवात असेल तर थंडीही वाजते. डोंगरावर दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि वरून हा वारा. आखाती देशात जातोय म्हणून पातळ टी-शर्ट घालून गेलेले पर्यटक जेबेल जैसवर हिवाळ्यात कुडकुडतात.

मधल्या टप्प्यात मात्र वेग कमी झाल्याचा भास होतो. खाली जमीन शेकडो मीटर दूर असते, जवळून सरकणारे काही नसते. एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेची झाडे पळताना दिसतात, पण दूरचा डोंगर जागेवरच राहतो, तसेच हे. अनेक जण सांगतात की सर्वांत शांत वाटते ते इथेच. शेवटी जमीन आणि प्लॅटफॉर्म जवळ येऊ लागले की वेगाची जाणीव एकदम परतते.

हा सगळा प्रवास लहान असतो. जेबेल जैसवर तो सुमारे दोन ते तीन मिनिटांचा. उतरल्यावर पाय थरथरणे, मान आणि मांड्या दुखणे, थोडे गरगरणे हे स्वाभाविक आहे. पोटावर झोपून डोके वर धरल्याने मानेवर ताण येतोच.

थांबवतात कसे?

झिपलाइनची खरी परीक्षा शेवटच्या काही मीटरमध्ये होते. तार स्वतःच्या वजनाने मध्ये झोळते, त्यामुळे सुरुवातीला उतार तीव्र असतो आणि शेवटाकडे तो सपाट होत जातो. काही तारांवर शेवटी हलका चढही असतो. वेग तिथे आपोआप थोडा उतरतो. उरलेला वेग ब्रेकने काढावा लागतो.

इथे अंतर महत्त्वाचे. ताशी ६० किलोमीटर वेगाने आलेला माणूस दहा मीटरमध्ये थांबवला, तर शरीरावर वजनाच्या सुमारे दीडपट बल येते. ते सहन होते. तोच दोन मीटरमध्ये थांबवला, तर बल सातपट होते. मान आणि पाठीला इजा होण्यासाठी एवढा झटका पुरेसा आहे.

संथ तारांवर चामड्याचा हातमोजा घालून तार दाबण्याची पद्धत अजून दिसते. हायस्पीड तारेवर ती चालत नाही. तिथे स्प्रिंगचा संच किंवा चुंबकीय ब्रेक असतो. चुंबकीय ब्रेकमध्ये चुंबकांसमोरून धातूचा भाग फिरतो, त्या धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि तेच गतीला विरोध करतात. वेग जितका जास्त, तितका विरोध जास्त. काहीही घासत नसल्याने झीज कमी होते. त्याच्या मागे दुसरा, स्वतंत्र आपत्कालीन ब्रेक असायला हवा. पहिला निकामी झाला तर प्रवाशाला काहीही न करता दुसऱ्याने थांबवले पाहिजे.

तार तुटू शकते का?

लोकांना सर्वांत जास्त भीती तारेची वाटते. पण चांगल्या रचनेत तार हा कच्चा दुवा नसतो. तारेवर येणारा ताण मात्र अंदाजापेक्षा बराच मोठा असतो. ८० किलोचा माणूस मधोमध असताना तार लांबीच्या विसाव्या भागाइतकी झोळत असेल, तर केवळ त्याच्या वजनामुळे येणारा ताण सुमारे ४०० किलोचा होतो. तार जास्त कडक ताणून झोळ पन्नासाव्या भागावर आणला, तर तोच ताण १,००० किलोवर जातो. तारेचे स्वतःचे वजन वेगळेच. त्यामुळे झाडाला किंवा लोखंडी खांबाला अंदाजाने तार बांधणे म्हणजे जिवाशी खेळ. टोकाचा पाया आणि खांब यांची रचना अभियंत्याने केलेली हवी आणि तारेचे तुटलेले धागे, गंज, क्लॅम्प यांची नियमित तपासणी हवी.

प्रत्यक्षात घात होतो तो अनेकदा माणूस आणि तार यांच्यामधल्या दुव्यांत. जुना पट्टा, उन्हाने कडक झालेली शिलाई, लॉक न केलेला कॅराबिनर किंवा घाईत अडकवायचा राहिलेला हुक. मनालीच्या घटनेत पट्टा तुटल्याचे वृत्त होते. भोरची घटना दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधते. धोका तारेवर गेल्यावरच सुरू होत नाही. उंच प्लॅटफॉर्मवर पाऊल ठेवल्यापासून हुक अडकेपर्यंतची मिनिटे तितकीच धोक्याची असतात. म्हणून प्लॅटफॉर्मवर चढतानाच सुरक्षादोर लावलेला असला पाहिजे.

मध्येच अडकलो तर?

वारा समोरचा असला किंवा वजन कमी पडले तर असे होते. कर्मचारी बचाव ट्रॉली घेऊन तारेवरून येतात आणि ओढून नेतात. तोवर हार्नेसचा कोणताही बकल सोडू नये, तारेला हात लावू नये. पाय हलवत राहावे, कारण बराच वेळ निश्चल लटकल्यास पट्ट्यांच्या दाबामुळे पायांत रक्त साचून चक्कर येऊ शकते. बचावाची व्यवस्था काय आहे, हे आधीच विचारणे चांगले.

कोणी टाळावे? काय घालावे?

गर्भवती, हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, फिट येण्याचा त्रास, मान-पाठीचे दुखणे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर हा खेळ टाळावा. मद्यपान करून कधीही जाऊ नये.

ओढणी, साडी, सैल दुपट्टा, लांब मंगळसूत्र, अंगठ्या, कानातले आधी काढून ठेवावे. केस बांधून हेल्मेटच्या आत घ्यावे. पायात लेस बांधलेले बूट हवेत, चप्पल नको. चष्म्याला दोरी हवी. खिसे रिकामे करावे. एवढ्या उंचीवरून पडलेला मोबाइल खालच्या माणसासाठी दगडच असतो. व्हिडिओ हवाच असेल तर हेल्मेटवर पक्का बसवलेला कॅमेरा आहे का, ते केंद्राला विचारावे.

पट्टा बांधण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. त्यामुळे पहिला प्रश्न नोंदणी प्रमाणपत्राचा. बाकीचे पुढीलप्रमाणे :

• ट्रॉलीला माणूस एकाच दुव्याने जोडला आहे की दोन स्वतंत्र दुव्यांनी? दोन हवेत.

• हार्नेस बांधल्यावर दुसरा कर्मचारी पुन्हा तपासतो का?

• दोन्ही टोकांचे कर्मचारी वॉकीटॉकीवर बोलतात का? आधीचा प्रवासी उतरल्याशिवाय पुढचा सोडला जाऊ नये.

• ब्रेक किती आणि कोणते?

• आजच्या तपासणीची वही दाखवता येईल का?

• वारा किती वाढला की तार बंद ठेवता? विजा चमकत असताना, वादळात ती बंदच हवी.

उत्तरे टाळली गेली, हार्नेसची शिलाई उसवलेली दिसली किंवा ‘काही होत नाही हो’ असे म्हणत घाई केली गेली, तर पैसे गेले तरी चालतील, पण परत फिरावे. रांगेत मुले असतील तर त्यांच्या वतीने हे प्रश्न पालकांनीच विचारायचे आहेत. आणि पट्टा बांधून झाल्यावरही मन नको म्हणाले, तर ‘मला जायचे नाही’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. चांगले केंद्र अशा माणसाला हसत नाही, शांतपणे हुक सोडवून सुरक्षित खाली आणते.