अणूला त्याचं माप कुणी दिलं?

गॅलिलिओचा अखेरचा ग्रंथ १६३८ साली लायडनला छापला गेला. त्यात दोन हाडांचं एक चित्र आहे. एक हाड साधं, दुसरं त्याच्या तिप्पट लांब आणि बेढब जाड. प्राणी तिप्पट मोठा केला तर त्याचं वजन सत्तावीस पट वाढतं, हाडाचा छेद मात्र नऊ पटच वाढतो. त्यामुळे माणसाच्याच ठेवणीचा राक्षस स्वतःच्या भाराने मोडून पडेल, असा त्याचा युक्तिवाद. निसर्गाला लहान-मोठं कळतं, हे इतक्या थेटपणे त्याआधी क्वचितच कुणी दाखवलं असेल. पण का कळतं, याचं उत्तर गॅलिलिओजवळ असणं शक्य नव्हतं, कारण ते अणूत आहे. हाडाची ताकद अणूंच्या बंधांतून येते आणि अणूचा आकार ठरलेला आहे. हायड्रोजनच्या अणूची त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम, मग तो कोल्हापुरात असो की देवयानी दीर्घिकेत. हे माप अणूला दिलं कुणी? पदार्थविज्ञानाच्या गेल्या शंभर वर्षांतून माझ्या मते एक उत्तर पुढे येतं. निसर्गाचे मूळ नियम जवळजवळ माप न जाणणारे आहेत. आपल्याला दिसणारी महत्त्वाची मापं त्या नियमांत आधीपासून लिहिलेली नसून, ती सममिती थोडीशी भंगल्यामुळे निर्माण झाली आहेत. या सममितीला शास्त्रज्ञ ‘स्केल सिमेट्री’ म्हणतात, आपण मापसममिती म्हणू. सगळ्या लांब्या आणि सगळे कालावधी एकाच पटीत वाढवले तरी समीकरणं तशीच राहिली, तर ती मापसममित.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. प्रकाशाचा वेग आणि प्लांकचा स्थिरांक हे दोन्ही हाताशी असले की वस्तुमान आणि लांबी या वेगळ्या राशी राहत नाहीत. वस्तुमान दुप्पट म्हणजे त्याच्याशी निगडित लांबी निम्मी. इलेक्ट्रॉन दुप्पट जड असता तर अणू निम्म्या आकाराचा झाला असता. ज्यात कुठलंही वस्तुमान नाही अशा सिद्धांतात, उदाहरणार्थ निर्वात पोकळीतल्या प्रकाशासाठीच्या मॅक्सवेलच्या समीकरणांत, लांबीची खूणच नसते. म्हणून मापाचा प्रश्न हा शेवटी वस्तुमानाचा प्रश्न आहे.

हर्मन वाइल यांनी १९१८ मध्ये याच विचाराला फार धाडसी रूप दिलं. लांबीचं एकक अवकाशात ठिकठिकाणी वेगळं निवडण्याची मुभा ठेवली तर गुरुत्वाकर्षणासोबत विद्युतचुंबकत्वही भूमितीतूनच निघेल, अशी त्यांची कल्पना होती. आइनस्टाइन यांना ती मोहक वाटली, पण त्यांनी घेतलेला आक्षेप वाइल यांच्या निबंधालाच जोडून छापला गेला. आक्षेप असा, की दोन अणू वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करून एकत्र आले तर वाइल यांच्या सिद्धांतानुसार त्यांची मापं वेगळी निघायला हवीत, म्हणजे त्यांच्या वर्णपटातल्या रेषा त्यांच्या पूर्वेतिहासावर अवलंबून राहतील. प्रत्यक्षात हायड्रोजनच्या रेषा सगळीकडे नेमक्या त्याच जागी असतात. आक्षेप बिनतोड होता. वाइल यांनी पुढे, १९२९ मध्ये, तेच गणित लांबीऐवजी तरंगाच्या कलेला लावलं आणि त्यातून आजच्या कणभौतिकीचा पाया घातला गेला. मापसममितीचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याला खरा हात घातला तो कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांबीच्या सरळ त्वरकाने. फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांच्या गटाने तिथे १९६७ च्या सुमारास २० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन द्रवरूप हायड्रोजनवर सोडायला सुरुवात केली. प्रोटॉन हा ठरावीक आकाराचा, मऊ कडांचा गोळा आहे, हे आधीच्या प्रयोगांवरून ठाऊक होतं. त्याची त्रिज्या सेंटिमीटरच्या सुमारे दहा हजार अब्जाव्या भागाएवढी. अशा गोळ्यावर जितका जोराचा धक्का द्यावा तितके मोठ्या कोनातून वळणारे इलेक्ट्रॉन झपाट्याने कमी व्हायला हवेत. तसे ते झाले नाहीत. याहून विलक्षण गोष्ट आलेखात होती. इलेक्ट्रॉनने किती ऊर्जा गमावली आणि त्याला किती जोराचा धक्का बसला या दोन स्वतंत्र राशी, पण निरनिराळ्या ऊर्जांना घेतलेली मोजमापं त्यांच्या एका गुणोत्तरापुढे मांडली की सगळे बिंदू एकाच वक्ररेषेवर येऊन बसायचे. गुणोत्तराला एकक नसतं. म्हणजे प्रोटॉनच्या पोटात खोल शिरल्यावर प्रोटॉनचा स्वतःचा आकारच हिशेबातून गळून पडत होता. जेम्स ब्यॉर्कन यांनी हे होणार असं आधीच सुचवलं होतं, आणि १९६८ च्या उन्हाळ्यात रिचर्ड फाइनमन यांनी त्याचा अर्थ लावला: आत बिंदुरूप कण आहेत आणि त्या क्षणापुरते ते मोकळे आहेत. आपण आज त्यांना क्वार्क म्हणतो. प्रयोग करणाऱ्या तिघांना १९९० चं नोबेल मिळालं.

पण वक्ररेषा पूर्णपणे एक नव्हती. पुढे हँबुर्गच्या हेरा त्वरकावर बारकाईने मोजल्यावर ती ऊर्जेनुसार अगदी हळूहळू सरकते हे लख्ख दिसलं. १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी त्याचं कारण दिलं होतं. क्वार्कांना बांधणाऱ्या बलाची तीव्रता हा साधा, एकक नसलेला आकडा आहे, पण पुंजसिद्धांतामुळे तो स्थिर राहत नाही. ९१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टला तो ०.११८ भरतो, तर २ अब्जाला जवळपास ०.३. आणखी खाली यावं तसा तो वाढत जातो आणि एका जागी बल इतकं तीव्र होतं की क्वार्क एकत्र कोंडले जातात. ती जागा म्हणजेच एक ऊर्जा, म्हणजेच एक वस्तुमान, म्हणजेच एक लांबी. मूळ समीकरणात क्वार्कांची वस्तुमानं शून्य धरली तर त्यात लांबी कुठेच नाही, तरी प्रोटॉनएवढं माप त्यातून बाहेर पडतं. माझ्या दृष्टीने विसाव्या शतकातल्या भौतिकीतली ही सर्वांत सुंदर घटना आहे, आणि तिची पुरेशी चर्चा होत नाही. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यातल्या तीन क्वार्कांची साधी बेरीज ९ च्या आसपास. उरलेलं सगळं बंदिस्त ऊर्जेचं. २००८ साली महासंगणकांवर हे गणित थेट सोडवलं गेलं आणि उत्तर प्रयोगाशी काही टक्क्यांच्या आत जुळलं. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं जवळजवळ सगळं वजन भंगलेल्या मापसममितीचं आहे. इलेक्ट्रॉनांचा वाटा त्यात जेमतेम वीस ग्रॅम, पण तो माणूस किती उंच असणार हे ठरवतात ते हेच वीस ग्रॅम, कारण अणूचा आकार इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर अवलंबून आहे.

इथे कुणी विचारेल, की जी सममिती जिथे पाहावं तिथे भंगलेलीच आहे तिला सममिती म्हणायचं तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की ती कशी भंगते ते मोजता येतं आणि आधी सांगताही येतं. मूळ नियम मापसममित नसता तर बलाची तीव्रता कशीही बदलू शकली असती. ती नेमक्या संथ गतीने बदलते, आणि त्या बदलाचं भाकीत अनेक त्वरकांवर खरं ठरलं आहे.

विश्वरचनाशास्त्रात हाच विचार एका मराठी माणसाने फार आधी गंभीरपणे पुढे नेला होता. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत ठिकठिकाणी माप बदलण्याची मुभा देणारा होता. वस्तुमान कणाच्या अंगचं नसून विश्वातल्या इतर सगळ्या कणांकडून त्याला मिळतं, असं त्यात गृहीत होतं. याचा परिणाम नीट पाहण्यासारखा आहे. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश लाल दिसतो, त्याला आपण ताम्रसृती म्हणतो आणि विश्वाच्या प्रसरणाचा पुरावा मानतो. पण अवकाश स्थिर ठेवून कणांची वस्तुमानं काळानुसार वाढत गेली असं धरलं, तरी तीच ताम्रसृती मिळते. पूर्वीचा इलेक्ट्रॉन हलका, म्हणून पूर्वीचा अणू मोठा, म्हणून त्याने सोडलेल्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त. इथे आइनस्टाइन यांचा जुना आक्षेप लागू पडत नाही, कारण एका जागी आणि एका वेळी असलेल्या सगळ्या अणूंचं माप एकच राहतं. पुढे प्रसरणाच्या हिशेबात न बसणाऱ्या, विसंगत ताम्रसृतींचा उलगडा करण्यासाठी नारळीकरांनी ही कल्पना वापरली. ते बहुतेकांना पटलं नाही, आणि महास्फोटाला त्यांनी सातत्याने केलेल्या विरोधाच्या बाजूने निरीक्षणंही उभी राहिली नाहीत. तरी वस्तुमान आणि प्रसरण ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं असू शकतात, हा मुद्दा त्या वादाबरोबर बाद होत नाही. जर्मनीत क्रिस्टोफ वेट्टेरिश यांनी २०१३ मध्ये प्रसरण नसलेल्या विश्वाचं चित्र याच मार्गाने उभं केलं, आणि तेही मापसममितीच्या आधारानेच.

विश्वाच्या निरीक्षणांत मापसममिती दिसते ती आदिविश्वातल्या घनतेच्या तरंगांत. हॅरिसन यांनी १९७० मध्ये आणि झेल्डोविच यांनी १९७२ मध्ये असा तर्क केला होता की हे तरंग लांबीनिरपेक्ष असावेत, लहान काय नि मोठे काय, सगळ्यांची उंची सारखी. कोबे उपग्रहाने १९९२ मध्ये आदिविश्वातून उरलेल्या पार्श्वप्रारणाच्या तापमानातले लाखात एक एवढे चढउतार टिपले तेव्हा ते अंदाजे तसेच निघाले. ‘अंदाजे’ हा शब्द मात्र मुखानोव आणि चिबिसोव यांनी १९८१ मध्येच महत्त्वाचा केला होता: सारखेपणा किंचित ढळलेला असणार, असं त्यांचं गणित सांगत होतं. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांत हा सारखेपणा मोजणारा निर्देशांक ०.९६५ आला, अधिक-उणे ०.००४. पूर्ण सममितीला तो १ हवा होता. म्हणजे लांबी दहापट कमी केली की तरंगांची उंची चार टक्क्यांच्या आसपास घटते. जन्मानंतर लगेच विश्व क्षणार्धात प्रचंड फुगलं असं मानणाऱ्या फुगवट्याच्या सिद्धांतानुसार याचं कारण असं, की त्या काळात प्रसरणाचा दर जवळपास स्थिर होता, पण पूर्ण स्थिर नव्हता; तसा असता तर फुगवटा कधी संपलाच नसता. क्वार्कांच्या बाबतीत सममिती भंगण्याचं कारण वेगळं आहे, आणि दोन्ही एकच यंत्रणा आहे असा दावा मी करत नाही. पण दोन्हीकडे जग त्या थोड्याशा ढळण्यातूनच उभं राहिलं, एकीकडे प्रोटॉन आणि दुसरीकडे फुगवट्याचा शेवट, हे साम्य मला दुर्लक्षिण्याजोगं वाटत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप हिग्जचा आहे. कणभौतिकीच्या प्रमाण प्रारूपात एकच राशी अशी आहे की जिला स्वतःचं एकक आहे आणि जी हाताने घालावी लागते, ती म्हणजे मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राचं वस्तुमानपद. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, आणि पर्यायाने अणूचा आकार, त्यावरच टेकलेला आहे. ही राशीसुद्धा सममिती भंगून आपोआप येईल का, हे सिडनी कोलमन आणि एरिक वाइनबर्ग यांनी १९७३ मध्येच तपासलं होतं. त्यांची पद्धत सुंदर आहे, पण निव्वळ ज्ञात कणांवर ती चालत नाही. त्यातून हिग्ज फारच हलका निघतो, आणि टॉप क्वार्क इतका जड असल्याचं कळल्यावर गणितच ढासळतं. सर्नमध्ये २०१२ साली हिग्ज सापडला तो १२५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा. म्हणून मापसममिती वाचवायची तर आणखी कण मानावे लागतात, आणि तसा एकही अजून दिसलेला नाही. वर गुरुत्वाकर्षणाची प्लांक लांबी, म्हणजे आणखी एक आयतं माप, आहेच. हा आक्षेप मी फेटाळत नाही. पण त्याची परीक्षा आवाक्यात आहे. अशा अनेक मापसममित प्रारूपांत तीन हिग्ज कणांची परस्पर जोडणी, पहिल्या पायरीच्या गणितात, प्रमाण प्रारूपातल्यापेक्षा पाच-तृतीयांश पट येते. ती मोजायची तर एका टकरीतून हिग्जची जोडी बाहेर पडावी लागते, आणि अशा टकरी फार विरळ. सर्नचा त्वरक सध्या जास्त टकरी घडवण्यासाठी बदलला जातो आहे. त्या मोजणीत आकडा एकच्या जवळ आला तर ही प्रारूपं मोडीत निघतील आणि अणूचं माप तूर्त तरी हाताने घातलेलंच राहील; पाच-तृतीयांशाकडे झुकला तर इलेक्ट्रॉनचे ते वीस ग्रॅमही प्रोटॉनच्याच वाटेने आले असण्याची शक्यता पहिल्यांदा प्रयोगाच्या बळावर मांडता येईल.