सर्व्हरच्या खोलीतला कन्सोल : कोणता घ्यावा व का?



गेल्या हंगामातली एक रात्र पारनेर गटातल्या काही सभासदांना आठवत असेल. दोनच्या सुमारास वीज गेली, लगेच आली, पण काट्यावरचा संगणक काही वजन घेईना. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. बैल जुवाखाली उभे, गाडीवान थंडीत कुडकुडलेले. काटा ठीक होता. अडले होते सर्व्हरच्या खोलीत. सर्व्हर सुरू होताना मध्येच थांबला होता व कोणीतरी एक कळ दाबावी म्हणून वाट पाहत होता. कळ दाबायला कळफलक नव्हता आणि बघायला पडदाही नव्हता. खोलीतला एकुलता एक पडदा बिलांच्या गडबडीत हिशेब खात्यात नेलेला, आणि त्या खात्याला कुलूप! किल्ली येईपर्यंत दीड तास गेला.

रांगेतले एक वयस्क सभासद आम्हाला म्हणाले, "साहेब, एवढं मोठं यंत्र आणलं, त्याला बघायला डोळंच ठिवलं न्हाई व्हय?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पारनेर तालुका मूळचा अवर्षणग्रस्त. कुकडीच्या आवर्तनावर नि विहिरीच्या पाण्यावर जो ऊस येतो, त्याच्या कांडीकांडीला कष्ट आहेत. तोडलेला ऊस ताटकळला की वजन घटते व साखरही उतरते, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. शिवाय उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्याचे वजन आणि बिल ही सारी साखळी त्या एका खोलीतून जाते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास सालाना १५ टक्के व्याज. नोंदीत खोळंबा झाला तर पुढचे सगळेच लांबते.

म्हणून यंदा रॅकमध्ये बसणारा कन्सोल घ्यायचे ठरले. आम्ही शेतकी खात्याचे. पण नोंदी आमच्या, म्हणून निवडीत आम्हालाही बसविले. जे समजले ते येथे मांडतो.

हा कन्सोल म्हणजे कपाटातला खण. ओढला की बाहेर येतो, झाकण उचलले की पडदा, खाली कळफलक. रॅकची रुंदी १९ इंच ठरलेली असते. उंची 'यू' या मापात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. एक यू उंचीत पडदा, कळफलक व आठ सर्व्हर जोडणारा स्विच एवढे सगळे मावते. बटण दाबले की हवा तो सर्व्हर पडद्यावर.

घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहिल्या.

पहिली गोष्ट, टेप घेऊन रॅकची खोली मोजणे. पुढच्या व मागच्या खांबांमधले अंतर खणाच्या पट्ट्यांना जुळले नाही तर वस्तू परत पाठवावी लागते. खण पूर्ण ओढल्यावर माणूस उभा राहील एवढी जागाही समोर हवी.

दुसरी, जोडण्या. जुन्या सर्व्हरला व्हीजीए असते, नव्यांपैकी काहींना दुसऱ्या तऱ्हेची. आज चार सर्व्हर आहेत, म्हणून चारांचा स्विच घेणे शहाणपणाचे नाही; आम्ही आठांचा सुचविला. केबली सोबत मिळतात की वेगळ्या घ्याव्या लागतात, हेही दरपत्रकात लिहून घेतले.

तिसरी, कळफलकाची मांडणी. अमेरिकी व ब्रिटिश मांडणीत काही चिन्हांच्या जागा बदलतात. परवलीच्या शब्दात तसे चिन्ह असले तर ऐन वेळी माणूस चुकत बसतो. आपल्याकडे सवय अमेरिकी मांडणीची, तीच मागविली.

चौथी, वीज. कन्सोलचा प्लग सर्व्हरच्याच यूपीएसवर हवा. वीज गेल्यावर सर्व्हर जिवंत आणि पडदा काळा, असे झाले तर त्या रात्रीचीच गत.

पाचवी, धूळ. बगॅसचा भुसा कुठेही शिरतो. वापर नसताना खण बंद राहतो, हा येथे मोठाच फायदा.

घरबसल्या जाळ्यावरून चालणारा कन्सोलही मिळतो. सोय खरी, पण ते दार बाहेरच्यालाही उघडू शकते. राखायला जाणता माणूस हवा. तूर्त तो आम्ही सुचविला नाही. ज्या संस्थेत एकच सर्व्हर आहे तिने तर कन्सोलही घेऊ नये. साधा पडदा, कळफलक व चाकाचे टेबल पुरे.

वारणेचे उदाहरण येथे आठवते. १९९८ साली वारणा परिसरातल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना झाली. पुढे काही गावांत तीच ऊसविषयक माहिती साध्या मोबाइलच्या संदेशावर देण्याचा प्रयोग झाला, कारण सभासदांना मुख्यतः आपले वजन नि बिलच पाहायचे होते. कामाला पुरेल ते साधन, हाच त्यातला धडा.

कन्सोल आला तरी एक जुना पडदा व कळफलक त्याच खोलीत राहील. त्यावर 'हलवू नये' अशी पाटी लागेल, आणि किल्ली रात्रपाळीच्या काट्यावर असेल. ही व्यवस्था पैशाने होत नाही, शिस्तीने होते.

सभासदांनी आपल्याकडून एवढेच करावे : काट्याची पावती जपून ठेवावी, आणि गव्हाणीकडे येणे झाले तर ही खोलीही पाहून जावी. त्या वयस्क सभासदांना आम्ही स्वतः खण ओढून दाखविणार आहोत.

— ऊस विकास अधिकारी