गाण्यांची रांग कुणाकडे?

रामनवमीच्या सकाळी आमच्या घरी गीतरामायण लागतं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली आणि १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी प्रसारित झालेली ५६ गाणी. एरवी सुटी सुटी ऐकली तरी या दिवशी ती ओळीनं ऐकायची असतात. घरात स्ट्रीमर आला त्या पहिल्या वर्षी मी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये सगळी गाणी रांगेत लावली, फोन खिशात टाकला आणि फुलं आणायला बाहेर पडलो. परत आलो तर घर शांत. आई म्हणाली, "तू गेलास, चालू होतं ते गाणं पूर्ण झालं, पण पुढचं लागलंच नाही." स्ट्रीमर ठीक होता, वायफायही ठीक होतं. माझा फोन घराबाहेर गेला होता आणि गाण्यांची रांग त्याच्याबरोबर गेली होती.

तेव्हापासून स्ट्रीमरसाठी कुठलं अ‍ॅप घ्यावं असं कुणी विचारलं की मी आधी हेच विचारतो: रांग कुठे राहते? अ‍ॅप दिसतं कसं, रंग कुठले, मुखपृष्ठं किती मोठी, हे सगळं नंतर.

स्ट्रीमर म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली छोटी पेटी. ती नेटवर्कवरून गाणं घेते आणि त्याचा आवाज पुढे देते. बहुतेक पेट्यांना पडदा नसतो, म्हणून फोन किंवा टॅबलेट लागतो. या कामात पात्रं तीन. एक कोठार, म्हणजे गाण्यांच्या फाइली जिथे साठवल्या आहेत तो संगणक, नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवण) किंवा राउटरला लावलेली डिस्क. दुसरा वादक, म्हणजे स्ट्रीमर. तिसरा सूत्रधार, म्हणजे अ‍ॅप. यूपीएनपी नावाच्या जुन्या आणि अजूनही सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत ही तीन कामं अगदी वेगळी केलेली आहेत. अ‍ॅप कोठाराकडून यादी मागवतं, तुम्ही गाणं निवडता, आणि अ‍ॅप वादकाला फक्त त्या गाण्याचा पत्ता कळवतं. वादक स्वतः कोठारात जाऊन गाणं उचलतो. आवाज फोनमधून जातच नाही, त्यामुळे फोन साधा आहे की महाग यानं आवाजात काही फरक पडत नाही.

पण साध्या यूपीएनपीत वादकाला चालू गाण्यापलीकडचं फारसं काही माहीत नसतं. पुढचं गाणं कुठलं हे अ‍ॅपला ठाऊक असतं, आणि चालू गाणं संपत आलं की ते सांगायला अ‍ॅप जागं असावं लागतं. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे पडलेली अ‍ॅप्स झोपवतो. आयफोनही मागच्या अ‍ॅपला मोजकीच मोकळीक देतो. फोन घराबाहेर गेला तर प्रश्नच मिटला. शिवाय घरात दोघांच्या फोनवर तेच अ‍ॅप असेल तर रांगा दोन होतात. एकानं लावलेलं दुसऱ्याला दिसत नाही, आणि दोघं एकाच पेटीला वेगवेगळे हुकूम सोडत राहतात.

यावर उपाय निघाले ते सगळे रांग फोनमधून काढून दुसरीकडे ठेवण्याचे. स्कॉटलंडच्या लिन कंपनीनं यूपीएनपीवरच ओपनहोम नावाची भर घातली. तिच्यात रांग वादकापाशी राहते. फोन बंद करा, हरवा, दुसऱ्याच्या हातात द्या, गाणी चालू राहतात, आणि दुसऱ्या फोनवर अ‍ॅप उघडलं की तीच रांग समोर येते. तुमची पेटी ओपनहोम जाणत नसेल तरी मार्ग आहे. बबलयूपीएनपी सर्व्हर हा प्रोग्राम घरातल्या कायम चालू असणाऱ्या संगणकावर किंवा नॅसवर बसवला की तो साध्या वादकापुढे ओपनहोमचा मुखवटा धरतो आणि रांग स्वतःकडे ठेवतो. मात्र फोनवरचं अ‍ॅपही ओपनहोम समजणारं हवं. अँड्रॉइडवरचं बबलयूपीएनपी तसं आहे. माझं रामनवमीचं दुखणं शेवटी यानंच बरं झालं.

रास्पबेरी पायवर स्वतः स्ट्रीमर बांधणाऱ्यांची गोष्ट आणखी सोपी. व्हॉल्युमिओ आणि मूड ऑडिओ या दोन्ही प्रणालींच्या पोटात एमपीडी, म्हणजे म्युझिक प्लेअर डीमन आहे. २००३ पासूनचा हा प्रोग्राम रांग पहिल्यापासून स्वतःपाशीच ठेवतो. इथे वेगळं अ‍ॅप घेतलंच पाहिजे असंही नाही, कारण कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये पेटीचा पत्ता टाकला की नियंत्रणाचं पान उघडतं. ब्राउझर जरा मंद वाटला तर अँड्रॉइडवर एम.ए.एल.पी. हे एमपीडीसाठीचं अ‍ॅप आहे, आणि दोन्ही एकाच वेळी वापरता येतात.

स्पॉटिफाय कनेक्टमध्ये पेटी थेट इंटरनेटवरून गाणं घेते, त्यामुळे फोन बंद केला तरी ते वाजत राहतं. ब्लूटूथ आणि फोनवरून केलेलं एअरप्ले यांचं तसं नाही. तिथे आवाजच फोनमधून जातो, म्हणून भैरवी रंगात आली असताना फोन वाजला की भैरवी थांबते. पाहुण्यानं आणलेलं एखादं गाणं लावायला ते ठीक, रोजच्या ऐकण्याला नाही.

रांगेचा निकाल लागला की शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यानं दुसरी परीक्षा घ्यावी. मैफिलीच्या सीडीवर विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतं, पण ध्वनिमुद्रण मात्र सलग असतं. दोन ट्रॅकमध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता आली तरी तंबोऱ्यांचा झंकार मध्येच तुटतो आणि कानाला ते फार बोचतं. हे टाळायचं तर चालू ट्रॅक संपण्याआधीच पुढच्याचा पत्ता वादकाकडे पोचलेला असावा लागतो. यूपीएनपीत त्यासाठी वेगळा हुकूम आहे, पण तो अ‍ॅपला देता आला पाहिजे आणि पेटीला पाळता आला पाहिजे. दोघांपैकी एक कच्चं असेल तर खंड पडतोच. फाइली फ्लॅक या प्रकारात ठेवाव्यात. एमपी३ बनवतानाच सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते, आणि ती ओळखून गाळणं प्रत्येक पेटीला जमत नाही. परीक्षा सोपी आहे: विलंबिताचे शेवटचे दहा सेकंद लावा आणि डोळे मिटून ऐका.

आता शोधण्याबद्दल. इथे लोक अ‍ॅपला दोष देतात, पण चूक बहुधा कोठारात असते. यूपीएनपीमध्ये अ‍ॅपवर दिसणारे कलाकार, अल्बम, प्रकार हे कप्पे कोठाराचा प्रोग्राम बनवतो, अ‍ॅप ते नुसते दाखवतं. चित्रपटगीतांना हे कप्पे पुरतात. पण १९११ च्या संगीत मानापमानातलं पद कुठे ठेवायचं? खाडिलकरांकडे, चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांकडे, की ज्यांच्या आवाजात ते आपल्यापाशी आहे त्यांच्याकडे? आणि राग कुठल्याच कप्प्यात नाही. मिनिमसर्व्हर या कोठार-प्रोग्राममध्ये आपल्याला हवे ते टॅग, म्हणजे फाइलीतच लिहून ठेवलेली माहिती, सूचीत घालता येतात. फाइलींवर राग नावाचा टॅग लावला की कुठल्याही यूपीएनपी अ‍ॅपमध्ये राग हा कप्पा उघडतो, आणि यमनवर बोट ठेवलं की घरातले सगळे यमन ओळीनं समोर येतात. हे काम चिकाटीचं आहे. मी ते पावसाळ्यातल्या रविवारी करतो, आणि त्यातला आनंद जुनी पत्रं लावून ठेवण्यासारखा आहे.

टॅग देवनागरीत की रोमनमध्ये, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एका फाइलवर फडके आणि दुसरीवर रोमन अक्षरांत फडके असेल तर अ‍ॅपला ते दोन वेगळे गायक वाटतात. एमपी३ च्या सर्वांत जुन्या टॅग-पद्धतीत देवनागरी बसतच नाही आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्येच असतात. ट्रॅकचे क्रमांकही भरलेले असू द्या. ते नसले आणि फाइलींची नावं साध्या १, २, ३ नं सुरू होत असली तर एकनंतर दहा आणि एकोणीसनंतर दोन अशा क्रमानं रामकथा ऐकावी लागते.

कधी अ‍ॅपला पेटीच सापडत नाही. अ‍ॅप नेटवर्कवर हाक मारतं आणि पेटी ओ देते, अशी ही ओळख असते. फोन पाहुण्यांच्या वायफायवर असला की राउटर ही हाक पलीकडे जाऊ देत नाही. आयफोनवर २०२० नंतर अ‍ॅपला स्थानिक नेटवर्कची परवानगी लागते. ती एकदा चुकून नाकारली की अ‍ॅप मुकाट बसतं. पेटी परत करण्याआधी या दोन जागा तपासाव्यात.

राहिला प्रश्न कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपचा. ते बहुधा सर्वांत देखणं असतं, आणि घरात फक्त ऑनलाइन सेवा ऐकायच्या असतील तर तेच घ्यावं. पण ते बदलणं कंपनीच्या हातात असतं. मे २०२४ मध्ये सोनोसनं नवं अ‍ॅप आणलं तेव्हा अलार्मसारख्या रोजच्या सोयी त्यात नव्हत्या, आणि पुढे कंपनीला ग्राहकांची माफी मागावी लागली. याच्या उलट स्क्वीझबॉक्स. लॉजिटेकनं ती यंत्रं बनवणं २०१२ मध्ये थांबवलं, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली, पण सर्व्हरचा प्रोग्राम मुक्तस्रोत होता. तो आज लिरिअन म्युझिक सर्व्हर या नावानं चालतो, आणि जुन्या पेट्या अजून गातात. म्हणून पेटी घेताना मी पाहतो की कंपनीच्या अ‍ॅपखेरीज दुसऱ्या कुठल्या तरी अ‍ॅपनं ती चालते का.

पेटी घेण्याआधीही अ‍ॅपची चव घेता येते. बबलयूपीएनपी किंवा एमकनेक्टमध्ये फोनलाच वादक नेमता येतं. घरच्या संगणकावर कोठार चालू करायचं, आठवडाभर फोनवरच गाणी ऐकायची. मग अ‍ॅप घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्यायचं आणि काही न सांगता शेजारी बसायचं. आमच्या आईला दोन गोष्टी हव्या होत्या: उघडल्याबरोबर आवडीची यादी दिसावी आणि बोट घसरून आवाज एकदम मोठा होऊ नये. दुसरीसाठी पेटीच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा घालून दिली. यंदा रामनवमीला फुलं आणायला गेलो तेव्हा तिनं तिच्या फोनवरून रांगेतलं एक गाणं पुन्हा वरून लावलं होतं. मी दारात पोचलो तेव्हा ते दुसऱ्यांदा संपत होतं.