जुना बँड पुन्हा उभा राहतो तो कसा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फुटलेला बँड पुन्हा एकत्र वाजवणार अशी बातमी आली, की चाहत्याच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. हे ऐकायलाच हवं, ही पहिली. आणि आता त्यांना जमेल का, ही दुसरी. पहिल्या गोष्टीला उत्तर लागत नाही. दुसरीचं उत्तर मात्र तयारीत दडलेलं असतं, आणि ती तयारी आपल्याला कधी दिसत नाही. म्हणून ती टप्प्याटप्प्याने समजून घेऊ. त्यासाठी संगीत शिकलेलं असायची गरज नाही.

उदाहरण आपल्या मुंबईचंच घेऊ. १९८४ साली इथे ‘रॉक मशीन’ नावाचा बँड सुरू झाला. गाणी इंग्रजी, पण पुढे स्वतः रचलेली. परदेशी गाण्यांच्या नकला ऐकायची सवय असलेल्या कॉलेजच्या पोरांना ही मोठी गोष्ट होती. धोबीतलावचं रंगभवन तेव्हा अशा संगीताचं घर होतं. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं, १९९७ मध्ये मंडळी पांगली आणि २०१० मध्ये पुन्हा एकत्र आली. तेरा वर्षांत कॉलेजातला श्रोता पोराबाळांचा झाला होता.

पहिला टप्पा माणसांचा. कोण येणार, कोण येऊ शकत नाही आणि कोणाची जागा कोण घेणार, हे आधी ठरवावं लागतं. इंडस क्रीडमध्ये गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने तिघे परतले. ड्रम्सवर जय राव कवी आणि बेसवर रुशाद मिस्त्री हे तरुण वादक नव्याने आले. बेस म्हणजे जाड तारांची, खर्जातले सूर देणारी गिटार. ती ऐकू येण्याआधी छातीत जाणवते.

इथली नेहमीची चूक म्हणजे नव्या वादकाला जुन्याची हुबेहूब नक्कल करायला लावणं. तसं केलं की नवा घाबरत वाजवतो आणि जुन्याची उणीव उलट जास्त जाणवते. गाण्याची ओळख ज्या चार-दोन जागांवर टिकलेली असते, म्हणजे सुरुवातीचा ठेका किंवा मधला गिटारचा तुकडा, त्या जागा जशाच्या तशा ठेवायच्या आणि बाकी नव्या हाताला मोकळीक द्यायची. लंडनमध्ये १० डिसेंबर २००७ रोजी ‘लेड झेपलिन’ हा बँड एका रात्रीपुरता एकत्र आला, तेव्हा १९८० मध्ये गेलेल्या जॉन बॉनमच्या जागी त्याचा मुलगा जेसन ड्रम्सवर बसला. त्याने बापाच्या खुणेच्या जागा राखल्या आणि हात स्वतःचा चालवला. (याच झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले होते. आपल्या शहराचा या संगीताशी संबंध असा जुना आहे.)

दुसरा टप्पा कागदपत्रांचा, तो थोडक्यात सांगतो. ‘गाणी आमचीच, मग परवानगी कशाला?’ असं बँडला वाटतं आणि घोळ तिथेच होतो. जुन्या करारात गाण्याचे हक्क ध्वनिमुद्रिका कंपनीकडे गेलेले असू शकतात. शिवाय गीतकार-संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. जाहीर कार्यक्रमाआधी तिचा परवाना पाहावा लागतो. हे काम तिकीटविक्री सुरू होण्याआधी उरकलेलं बरं.

आता तिसरा टप्पा, आणि माझ्या मते सगळ्यांत नाजूक: पट्टी. पट्टी म्हणजे गाणं ज्या सुराला ‘सा’ मानून गायचं तो सूर. पेटीवर ती काळी तीन, पांढरी चार अशी सांगतात.

वय वाढतं तसा आवाज का बदलतो? गळ्यातल्या स्वरयंत्रात दोन पातळ घड्या असतात, त्या थरथरल्या की आवाज निघतो. उतारवयात त्यांचे स्नायू बारीक होतात, लवचीकपणा कमी होतो, भोवतालची कूर्चा कडक होत जाते. एका श्वासात वापरता येणारी हवाही कमी होते. परिणाम सर्वांत आधी वरच्या सुरांवर दिसतो. पंचविशीत जो सूर सहज लागायचा, तो पंचावन्नाव्या वर्षी ओढून आणावा लागतो.

उपाय सोपा आहे, तो मान्य करणं तेवढं अवघड. मूळ गाणं काळी तीनमध्ये असेल तर ते पांढरी तीनमध्ये, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली घ्यायचं. झेपलिननेही त्या रात्री बरीच गाणी खाली उतरवली होती. काही चाहत्यांना यात कमीपणा वाटतो. मला तसं अजिबात वाटत नाही. खालच्या पट्टीत गायक शब्दांकडे लक्ष देऊ शकतो, त्याचा चेहरा मोकळा राहतो आणि तिसऱ्या गाण्यानंतर गळा बसत नाही. वरच्या पट्टीचा हट्ट धरणारा गायक पहिल्या अर्ध्या तासात सगळं देऊन बसतो. मग ज्या गाण्यासाठी लोक आलेले असतात, ते शेवटचं गाणं फाटक्या आवाजात ऐकावं लागतं.

पट्टी उतरवली की वादकांचं काम वाढतं. गिटारवाला सगळ्या तारा थोड्या ढिल्या करतो, म्हणजे बोटांच्या जुन्या जागा तशाच राहतात. पण तारा फार ढिल्या पडल्या तर खडखडतात, म्हणून जाड तारा चढवाव्या लागतात. कीबोर्डवर ‘ट्रान्स्पोज’ नावाची सोय असते. बटण दाबलं की बोटं जुन्याच जागी आणि आवाज मात्र खालचा. सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटवाल्याला अशी सोय नाही, त्याला बोटं नव्याने बसवावी लागतात.

आणि इथे जी चूक होते ती कोणत्याही ऑर्केस्ट्रातल्या माणसाला विचारा, तो लगेच सांगेल. एका गाण्यासाठी दाबलेलं ट्रान्स्पोजचं बटण पुढच्या गाण्यात तसंच राहतं. गिटार एका पट्टीत, कीबोर्ड दुसऱ्या, आणि गायक दोघांच्या मधे अडकलेला. म्हणून गाण्यांच्या यादीवर प्रत्येक नावापुढे पट्टी मोठ्या अक्षरांत लिहून ती कीबोर्डवर चिकटवून ठेवतात.

पट्टीला लागूनच लयीचा प्रश्न येतो. वय झालं म्हणून गाणं संथ करावं असं कोणालाही वाटेल. पण लय कमी केली की प्रत्येक ओळ लांबते, आणि दमसास आधीच कमी झालेल्या गायकाला ती एका श्वासात संपवणं आणखी जड जातं. म्हणून जाणते बँड लय जवळपास मूळचीच ठेवतात आणि श्वास घेण्याच्या जागा वाढवतात. ओळीचा शेवटचा शब्द साथीदार गातात, तेवढ्यात गायक दम घेतो. साथीचा हा आवाज नुसता शोभेचा नसतो.

चौथा टप्पा वाद्यांच्या आवाजाचा. गाण्याची ओळख चालीइतकीच त्याच्या नादात असते. १९८३ साली बाजारात आलेल्या यामाहा डीएक्स-७ या कीबोर्डचा घंटेसारखा किणकिणता आवाज त्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत ऐकू येतो. तो आवाज हरवला की गाणं बरोबर असूनही परकं वाटतं.

पण माळ्यावर पडलेला जुना कीबोर्ड काढून लगेच वाजेल असं नाही. अशा कीबोर्डमध्ये आवाज साठवून ठेवण्यासाठी आत एक लहान बॅटरी असते. ती काही वर्षांनी संपते आणि वादकाने हौसेने बनवलेले सगळे आवाज पुसले जातात. मग जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हापुन्हा ऐकून ते संगणकावर किंवा नव्या कीबोर्डवर जुळवावे लागतात. वेळखाऊ काम आहे. कार्यक्रमाच्या आधल्या आठवड्यात कीबोर्ड उघडणाऱ्यांची पंचाईत होते ती यामुळे.

पाचवा टप्पा तालमीचा. सुरुवातीच्या तालमींत हात आठवतात, डोकं विसरलेलं असतं, आणि प्रत्येकाला गाणं वेगळं आठवतं. एकाला कडवं दोनदा होतं असं वाटतं, दुसऱ्याला तीनदा. वाद घालत बसण्यापेक्षा मूळ ध्वनिमुद्रण लावून रचना कागदावर उतरवून घेणं हाच मार्ग. जुनी भांडणंही बहुधा याच दिवसांत डोकं वर काढतात. तालमीला मोकळा वेळ ठेवणं, मधे चहाला बसणं, हेसुद्धा तयारीतच धरावं.

त्यानंतर गाण्यांचा क्रम. सगळी जुनी गाणी वाजवावीत की नवीही? आवडत्या गाण्यांनाच सर्वाधिक टाळ्या पडणार, हे उघड आहे. तरी इंडस क्रीडने नवी गाणी केली, आणि २०१२ मध्ये त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम आला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नवं गाणं घेऊन आलेला बँड आजचा असतो, आणि त्याच्या मुखातून आलेलं जुनं गाणंही मग जिवंत वाटतं. फक्त नवी गाणी सलग तीन-चार घेऊ नयेत. एक नवं, दोन जुनी, असं विणलं तर प्रेक्षक सुटत नाही. अवघड वरच्या सुरांची गाणीही शेजारीशेजारी येऊ देत नाहीत, मधे वादनाचा मोठा तुकडा ठेवून गळ्याला विश्रांती देतात.

सहावा टप्पा जागेचा. रंगभवन उघड्यावरचं होतं आणि आसपास रुग्णालयं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ती बहुधा सणांना जाते. बंद सभागृहाला हे वेळेचं बंधन तसं लागू होत नाही.

आपण शीव कोळीवाड्यातले असू तर असं सभागृह शेजारीच आहे. गुरू तेग बहादूर नगर स्थानकावरून, म्हणजे जुन्या माणसांच्या कोळीवाडा स्टेशनवरून, षण्मुखानंद चालत गाठता येतं. १९६३ मध्ये बांधलेलं हे सभागृह १९९० च्या आगीत जळालं आणि पुन्हा उभं राहिलं. अडीच हजारांहून अधिक माणसं बसतात. शास्त्रीय मैफली, जुन्या हिंदी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, सगळं इथे होतं. आपल्या भागातल्या घरांत हळदीला बेंजो आणि बँड वाजत आलेला आहे, त्यामुळे मोठ्या आवाजाची भीती कोणाला नाही. पण सभागृहाची गोष्ट वेगळी असते, ती पुढच्या टप्प्यात येते.

सातवा टप्पा, आवाजाची चाचणी, ज्याला साऊंड चेक म्हणतात. दुपारी रिकाम्या सभागृहात प्रत्येक वाद्य वाजवून पाहतात. रिकाम्या सभागृहात आवाज भिंतींवरून परततो आणि घुमतो. माणसं भरली की त्यांचे कपडे आणि शरीरं बराच आवाज शोषून घेतात. दुपारी गोड वाटलेला आवाज रात्री कोरडा वाटतो तो त्यामुळे. अनुभवी तंत्रज्ञ हे धरूनच चालतो आणि पहिल्या गाण्यात हात बटणांवरून काढत नाही. पहिलं गाणं ऐकताना आवाज जुळलेला वाटला नाही तर आपणही थोडा धीर धरावा.

चाचणीत आणखी एक गोष्ट पाहतात: गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येतो का. त्यासाठी मंचावर त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. हल्ली कानात घालायचे छोटे मॉनिटरही असतात. आयुष्यभर ड्रम्सशेजारी उभं राहिलेल्या वादकांचे कान थकलेले असतात, बारीक टोकदार आवाज त्यांना कमी ऐकू येतात. मग ते मॉनिटर वाढवायला सांगतात, दुसराही वाढवतो, आणि मंचावर इतका गोंगाट होतो की गायक ओरडून गाऊ लागतो. कार्यक्रमानंतर लोक म्हणतात, आवाज गेला त्याचा. प्रत्यक्षात त्याला स्वतःचं गाणं ऐकूच येत नसतं.

आता रात्र. माणसाला साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेलं संगीत सर्वांत घट्ट आठवतं, असं स्मरणशक्तीच्या अभ्यासकांना वारंवार दिसलं आहे. पहिला ठेका पडताच सभागृह उठून उभं राहतं ते म्हणूनच. प्रेक्षकांना शब्द पाठ असतात. जिथे वरचा सूर येतो तिथे गायक माइक लोकांकडे वळवतो आणि हजार-दोन हजार गळे तो सूर लावतात. यात फसवणूक काही नाही. गाणं इतकी वर्षं ज्यांनी सांभाळलं, त्यांचाच तो वाटा.

काहींना वाटतं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुना आवाज तसाच ऐकवावा. तेही करून झालं आहे. १९८२ नंतर चाहत्यांसमोर एकत्र कार्यक्रम न केलेल्या ‘अॅबा’ या स्वीडिश चौकडीने २७ मे २०२२ पासून लंडनमध्ये स्वतःच्या तरुण डिजिटल प्रतिमा मंचावर आणल्या. त्यासाठी चौघांनी पाच आठवडे खास पोशाख घालून १६० कॅमेऱ्यांसमोर हालचाली केल्या. काम देखणं आहे, आणि सोबत खरे वादक बसतात. पण प्रतिमेला श्वास कमी पडत नाही, ती माइक आपल्याकडे वळवत नाही. मला पांढऱ्या केसांचा, एक स्वर खाली उतरलेला, समोर उभा असलेला गायकच हवा.

तेव्हा असा कार्यक्रम जवळपास लागला, तर तिकीट काढताना मधल्या रांगा मागा, स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसू नका. जायच्या आधी मूळ ध्वनिमुद्रण फार ऐकू नका, नाहीतर पट्टीतला फरकच कानात बसेल. बँडचा नवा अल्बम असेल तर तो मात्र आधी एकदा नीट ऐका, म्हणजे नवं गाणं आल्यावर चहाला उठावंसं वाटणार नाही. घरातल्या पोरांना बरोबर न्या. मोबाइल एखाद्या गाण्यापुरता वर करा आणि मग खिशात ठेवा, दोन्ही हात टाळ्यांना लागतात.