धुमाची कणिक

पहाटेचे साडेचार वाजलेत. देहूत, इंद्रायणीपासून हाकेच्या अंतरावरच्या एका छोट्या मंदिरात काकडा सुरू व्हायचाय. कोजागरीला धरलेला हा नेम कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. टाळ अजून खुंटीवरच आहेत. पखवाज वाजवणारे माऊली मात्र कधीचे येऊन बसलेत आणि डब्याच्या झाकणात कणिक भिजवताहेत. चाकणच्या कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून ते रात्री बारानंतर घरी पोचले होते.

पोळीच्या कणकेपेक्षा ही थोडी सैल. ‘‘घट्ट झाली तर धुम बोलत नाही, माऊली. सैल झाली तर उडते,’’ ते मला म्हणाले. पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई कायमची बसवलेली असते. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, दर वेळी ताजी कणिक थापावी लागते. कातड्यावर तेवढं वजन पडलं की आवाज खाली उतरतो, भरदार होतो. माऊलींनी थाप मारली, कान लावला, बोटानं चिमूटभर कणिक काढली, पुन्हा थाप मारली. मग उजवीकडचे गट्टे हातोडीनं ठोकत पेटीच्या स्वराशी मेळ घातला. अशी दहा मिनिटं गेली.

मी अगदी शेजारी बसले होते, म्हणून लक्षात आलं. थाप पडली की नादाबरोबर ओल्या कणकेचा वासही उठतो. वाद्य लागलं हे कानाच्या आधी नाकाला कळतं.

भजन ऐकलं, असं आपण म्हणतो. पण इथे नाकालाही तेवढंच काम आहे, आणि वासांनाही क्रम आहे. आधी कणिक. मग एक जण बुक्क्याची डबी घेऊन रांगेतून फिरतो आणि प्रत्येकाच्या कपाळी बोट टेकवतो. त्या काळ्या भुकटीत सुगंधी वनस्पतींची पूड मिसळलेली असते. मंगलाचरण, भूपाळ्या, गौळणी असं भजन चढत जातं, अंगं तापतात, तसा कपाळावरचा बुक्का दरवळायला लागतो. टाळांचा काशाचा वास तळहातांना लागतो. शेवटी आरतीला तुपात भिजवलेला काकडा पेटतो आणि सगळ्या वासांवर त्याचा धूर पसरतो. डोळे मिटून बसलेला माणूसही भजन कुठवर आलंय ते नुसत्या वासावरून सांगू शकेल.

रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्रियाबिन याला अशीच एक कलाकृती रचायची होती. सूर, प्रकाश आणि सुगंध एकत्र आणणारं ‘मिस्टेरियम’ हिमालयाच्या पायथ्याशी व्हावं, आणि तिथे प्रेक्षक कुणीच नसावा, सगळेच सहभागी असावेत, अशी त्याची कल्पना होती. 1915 मध्ये तो गेला आणि ते काम अपुरं राहिलं. मला त्याच्याबद्दल हळहळ वाटते. त्याला हवं होतं त्यातलं बरंच काही आमच्याकडे रोज पहाटे होत होतं, आणि इथेही कुणी नुसता प्रेक्षक नसतो.

वास आठवणीला इतका थेट का भिडतो, याचं उत्तर मेंदूच्या रचनेत सापडतं. नाकातून निघालेला संदेश भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेनं पोचतो; बाकीच्या संवेदनांचा रस्ता त्या मानानं लांबचा आहे. गंध ओळखणाऱ्या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 चं नोबेल मिळालं. पण एवढ्यानं माझं समाधान होत नाही, कारण आमच्या घरी बुक्क्याचा वास रोजच असतो. वडील गेल्यापासून आई कुंकवाच्या जागी बुक्काच लावते. त्या वासानं तिला काही आठवतं असं मला कधी दिसलं नाही. रोजचा वास सवयीचा होऊन जातो.

वडील आकुर्डीच्या एका कारखान्यात लेथवर होते. गुरुवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी येऊन रॉकेलनं हात पुसायचे, मग साबणानं दोनदा धुवायचे, तरी ऑइलचा वास जायचा नाही. त्याच हातांनी कणिक भिजवायचे आणि भजनाला पखवाज घेऊन बसायचे. आई मागच्या रांगेत असायची. ऑइल, कणिक, बुक्का आणि धुमाची थाप, हे सगळं मिळून माझे वडील होते. यातलं एखादं सुटं हाती आलं तर ते भेटत नाहीत.

गेल्या वर्षी मी काकड्याचं रेकॉर्डिंग आईला ऐकवलं होतं. ‘‘छान म्हटलंय,’’ म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

या पहाटे भजन संपल्यावर माऊली धुमावरची वाळत आलेली कणिक खरवडायला लागले. मी त्यातली थोडी मागून घेतली. बाहेर आले तर नदीकडून सांडपाण्याचा उग्र दर्प येत होता. देहूत आज वाढणाऱ्या मुलांच्या भजनाच्या आठवणीत हाही वास मिसळतोय, याचं मला फार वाईट वाटलं. गाथा दगडावर कोरून ठेवता येते, गजर मोबाईलमध्ये भरून ठेवता येतो. नदीचा वास जपायचा तर नदीच जपावी लागेल.

घरी आले. पाण्याचा हात लावून कणिक मऊ केली, आईच्या हातात दिली आणि सकाळचंच रेकॉर्डिंग लावलं. धुमाची पहिली थाप पडली. आईनं मूठ नाकाशी नेली. दुसरा हात मांडीवर ठेका धरू लागला. बराच वेळ ती काही बोलली नाही.

मग म्हणाली, ‘‘ऑइलचा वास कुठून येतोय गं?’’

माझ्या हातांना ऑइल नव्हतं.