विणणाऱ्यांचा मेळा आणि टाक्याचे विज्ञान

स्कॉटलंडच्या उत्तरेला, अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांच्या मध्ये शेटलंड हा द्वीपसमूह आहे. अक्षांश सुमारे ६० अंश उत्तर. झाडे विरळ, वारा बारमाही, आणि माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी जास्त. या बेटांवर २०१० साली ‘शेटलंड वूल वीक’ हा लोकरीचा सप्ताह सुरू झाला. सप्टेंबरच्या अखेरीस तेथे देशोदेशींचे विणकामाचे हौशी लोक जमतात. (करोनाच्या साथीच्या काळात मात्र प्रत्यक्ष मेळा भरू शकला नाही.) दर वर्षी एका टोपीचा नमुना आधीच प्रसिद्ध होतो. येणारे लोक ती टोपी विणून, डोक्यावर घालूनच येतात. लेरविक गावच्या रस्त्यावर अनोळखी माणसाच्या डोक्यावर आपलीच टोपी निराळ्या रंगांत दिसते, आणि ओळख करून द्यायची गरजच उरत नाही. मग दिवसभर सूतकताई, रंगकाम, जाळीदार शाली यांचे वर्ग, आणि सोबत गप्पा व चहा.

विणकामाचे नमुने तर पुस्तकांत छापलेले असतात. मग एवढ्या दूर जायचे कशासाठी? उत्तर मिळवण्यासाठी आधी टाका समजून घेऊ या.

घोंगडी आणि स्वेटर

घोंगडी ‘विणतात’ आणि स्वेटरही ‘विणतात’. मराठीत शब्द एकच असला तरी रचना अगदी वेगळी आहे. मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असे सरळ धागे एकमेकांखालून-वरून जातात. सुयांवरच्या विणकामात मात्र सलग एकच धागा असतो. त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून घेतला जातो. कोठेही गाठ नसते.

एक जुना बनियन आणि गणवेशाच्या कापडाचा तुकडा घ्या. दोन्ही भिंगातून पाहा. बनियनच्या सुलट बाजूला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या आकृत्यांचे उभे स्तंभ दिसतील. आता दोन्ही आडवे ओढा. गणवेशाचे कापड फारसे ताणले जात नाही, कारण त्यातले धागे आधीच बरेचसे सरळ आहेत. बनियन सहज ताणला जातो आणि त्याच वेळी त्याची उंची कमी होते. येथे मुख्यतः धागा लांबत नाही, फासाचा आकार बदलतो. वाकवलेला धागा पूर्वीच्या आकाराकडे येऊ पाहतो, म्हणून ओढ सोडली की कापड परतते. स्वेटर डोक्यातून घालता येतो आणि तरीही अंगाला बसतो, तो यामुळेच.

फास समोरून ओढला की सुलट टाका, मागून ओढला की उलट टाका. सगळे टाके सुलट बाजूला सारखेच असले, तर प्रत्येक टाक्याचा बाक एकाच दिशेने असल्याने कापडाच्या कडा गुंडाळतात. सुलट-उलट टाक्यांचे स्तंभ आलटून-पालटून घेतले, की हे बाक एकमेकांना तोलतात. कापड सपाट राहते आणि अधिक ताणतेही. मनगटाची पट्टी अशी विणतात, याचे कारण हे आहे.

दोन रंग, दोन थर

शेटलंडमधल्या ‘फेअर आयल’ या बेटाच्या नावाने रंगीत विणकामाची एक पद्धत ओळखली जाते. तिच्यात सामान्यतः एका ओळीत दोनच रंग वापरतात. जो रंग समोर नको असतो, तो धागा मागच्या बाजूने पुढे नेतात. साहजिकच कापड जवळजवळ दुपदरी होते आणि त्यात हवा अडकते. अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने थंड वाऱ्यात हा स्वेटर उबदार ठरतो. कुरळ्या लोकरीच्या तंतूंमध्येही हवा असतेच. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते.

खरी मेख मागच्या धाग्यात आहे. तो घट्ट नेला तर कापड चुण्या पडून आकसते. सैल नेला तर बोटे अडकतात. ‘फार घट्ट नको, फार सैल नको’ हे पुस्तक सांगू शकते, पण किती, हे बोटांनाच कळावे लागते. शेजारी बसलेल्या जाणत्या बाईचा हात पाहून आणि तिने आपला तुकडा चाचपून सांगितल्यावर ते कळते. तेथला कातडी पट्टाही असाच. घोड्याचे केस भरलेल्या त्याच्या गादीला भोके असतात. सुईचे एक टोक भोकात रोवले की हातावरचा भार कमी होतो. पूर्वी शेटलंडच्या बायका पाठीवर जळणाच्या टोपल्या घेऊन चालता चालता विणत. मेळ्याला जायचे ते अशा गोष्टी हाताने शिकायला, आणि आपल्यासारख्याच वेड्यांच्या संगतीचा आनंद घ्यायला.

शाळेतला तास

ज्या २०१० साली हा सप्ताह सुरू झाला, त्याच सुमारास खर्चकपातीत शेटलंडच्या प्राथमिक शाळांतले विणकामाचे तास बंद झाले. बाहेरचे लोक जे शिकायला येणार, तेच घरच्या मुलांना शिकवणारे कोणी उरणार नाही, अशी वेळ आली. पुढे स्थानिक विणकरांनी स्वेच्छेने मुलांचे छोटे गट करून शिकवणे पुन्हा सुरू केले. हाताचे ज्ञान एका पिढीत तुटले तर नुसत्या छापील नमुन्यांवरून ते पुन्हा उभे करणे कठीण, हे त्यांनी ओळखले.

आपल्या कार्यानुभवाच्या तासालाही हे लागू आहे. विणकाम म्हणजे वेळ घालवणे नव्हे, त्यात चक्क गणित आहे. समजा १० सेंमी रुंदीत २२ टाके बसतात आणि स्वेटरचा घेर ९० सेंमी हवा आहे. त्रैराशिकाने १९८ टाके येतात. पण नक्षी दर १२ टाक्यांनी पुन्हा येणारी असेल तर? १९८ ला १२ ने पूर्ण भाग जात नाही. मग १९२ घ्यावेत की २०४? पहिल्याने घेर सुमारे ८७ सेंमी होईल, दुसऱ्याने सुमारे ९३. मुलांना ठरवू द्या आणि कारण विचारा. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजीला विणता येत असेल, तर त्या दिवशी तिला शाळेत अवश्य बोलवा.