विधानसभा निवडणूक आणि तंत्रकुशल अपक्ष

कोणत्याहि पक्षाचा आश्रय न घेतां, केवळ मोबाइल व समाजमाध्यमें यांच्या बळावर एखाद्या सुशिक्षित तरुणास विधानसभेंत प्रवेश मिळेल काय, असा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस अनेकदां विचारतात. त्यांतील कित्येक थोड्याच वर्षांत मतदार होतील. म्हणून या विषयाचा संक्षेपानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आंकडे पाहूं. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठीं १९९५ सालीं झालेल्या निवडणुकींत ४५ अपक्ष निवडून आले. भारतांत मोबाइल सेवा सुरू झाली ती त्यानंतर, त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत. उलट २०२४ सालीं, मोबाइल घरोघर पोहोंचल्यावर, २,००० हून अधिक अपक्ष उभे राहिले व अवघे २ विजयी झाले. १९९५ च्या विजयी अपक्षांत पक्षानें उमेदवारी नाकारलेले पुढारी पुष्कळ होते. त्यांच्याजवळ नवीं साधनें नव्हतीं, पण गांवोगांवचीं माणसें होतीं.

कायद्यानें २५ वर्षें वयाच्या कोणाहि मतदारास उभें राहतां येतें. परंतु मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, तर अपक्षास दहा लागतात. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतें न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची अनामत रक्कम जप्त होते. पक्षाचें चिन्ह लोकांच्या परिचयाचें असतें. अपक्षास तें मतदानाच्या थोडेच दिवस आधीं मिळतें. शिवाय २०२२ सालीं मोठ्या राज्यांत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये ठरली. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा खर्च मात्र तींत धरला जात नाहीं.

याचा अर्थ नवीं साधनें निरुपयोगी आहेत असा नव्हे. नवें चिन्ह एका दिवसांत हजारों घरीं पोहोंचविणें व लहान लहान देणग्या गोळा करणें त्यांमुळें सुलभ झालें आहे. २०१७ सालीं गुजरातेंतील वडगाम येथून जिग्नेश मेवाणी हे अपक्ष निवडून आले, तेव्हां त्यांनीं लोकांकडून इंटरनेटद्वारां निधि जमविला होता. परंतु आदल्या वर्षीं उना प्रकरणानंतरच्या चळवळीनें ते सर्वांस ठाऊक झाले होते, आणि काँग्रेसनें तेथें आपला उमेदवार उभा केला नव्हता, हेंहि विसरूं नये.

एवढ्यावरून असें दिसतें कीं, साधन हें आवाज दूरवर नेतें. विश्वास मात्र प्रत्यक्ष कामानेंच मिळवावा लागतो. ज्या विद्यार्थ्यास पुढें लोकसेवा करावयाची असेल, त्यानें ग्रामपंचायतीपासून आरंभ करावा. महाराष्ट्रांत ती निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाहीं, व २१ व्या वर्षीं तींत उभें राहतां येतें. पालकांनींहि मुलांच्या या आकांक्षेस हंसूं नये. गांवच्या पाण्याचा व रस्त्याचा हिशेब समजून घेण्यास त्यांस आजच लावावें.